“तुमच्याकडे बंदूक आहे का?” हे विचारायला शिकूया

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण कोलंबस आणि आसपासच्या आपल्या मराठी घरांसाठी आहे, तेव्हा जरा शेवटपर्यंत वाचा.

आमच्या घरी बंदूक आहे. तीन वर्षं झाली. जवळच्या चार-पाच जणांना सोडलं तर हे कुणालाच माहीत नाही. आपल्यात गाडी घेतली की पेढे वाटतात, घर घेतलं की वास्तुशांतीला दीडशे माणसं जेवतात. बंदूक घेतली की मात्र चिडीचूप. माझ्या ओळखीच्या किमान सहा मराठी घरांत ती आहे, आणि सहाही जणांनी मला ते “कुणाला बोलू नकोस हं” असं म्हणूनच सांगितलंय. मीही गप्प होते. आज बोलतेय, कारण या गप्प बसण्यानेच आमच्या घरी एकदा अनर्थ होता होता राहिला.

आधी बंदुकीबद्दल सांगते, म्हणजे मी बंदूकविरोधी भाषण देतेय असं कुणाला वाटायला नको.

आमची आहे हाय-पॉइंटची ९ मिलिमीटरची कार्बाइन. आपल्या ओहायोतच बनते, आणि नव्या बंदुकांमध्ये हिच्याइतकी स्वस्त क्वचितच मिळते. आम्हाला सव्वातीनशे डॉलरला पडली. कार्बाइन म्हणजे काय, तर पिस्तुलात जातं तेच छोटं काडतूस, पण ते उडवायला खांद्याला टेकवायची लांब बंदूक. दोन हात, खांदा आणि गाल असा चार ठिकाणी आधार मिळतो, त्यामुळे नवख्या माणसाचाही नेम बऱ्यापैकी लागतो. पिस्तूल मी रेंजवर चालवून पाहिलं होतं. सात यार्डांवरचा कागदसुद्धा सुटत होता. कार्बाइनने पहिल्याच दिवशी पंचवीस यार्डांवर दहापैकी आठ गोळ्या कागदावर लागल्या. मॅगझिनमध्ये दहाच काडतुसं बसतात. दिसायला ओबडधोबड आहे, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. आतला बोल्ट जड असतो आणि तो मागे आदळतो, त्यामुळे इतक्या लहान काडतुसाच्या मानाने धक्का जरा जास्तच लागतो. पण चालते. पन्नास काडतुसांचा डबा पंधरा डॉलरच्या आत-बाहेर मिळतो, म्हणजे एक शनिवार सकाळ आणि दोन डबे. महागडा छंद नाही.

आणि हो, मजा येते. खोटं कशाला बोलू? श्वास सोडायचा, मागच्या गोल भोकातून पुढची काडी पाहायची, चाप हळूहळू ओढत न्यायचा. तेवढ्या वेळात ऑफिस, मुलांची शाळा, भारतातले फोन, सगळं डोक्यातून जातं. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ब्राँझ मिळवलं तेव्हा आपल्या ग्रुपवर दिवसभर अभिनंदनाचा पाऊस पडला होता. नेमबाजीचं आपल्याला कौतुक आहेच. लाज वाटते ती फक्त स्वतःच्या घरातल्या बंदुकीची.

घेतली का? कारण तेच, जे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आहे. भारतीय घरात सोनं असतं हे आता चोरांनाही पाठ झालंय. आमच्याच रस्त्यावर एका घरी दिवाळीच्या सुमारास चोरी झाली आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही दुकानात गेलो. केंद्र सरकारचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, दुकानदाराने एफबीआयच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासून घेतली, आणि अर्ध्या तासात बंदूक गाडीच्या डिकीत. भारतात ९ मिलिमीटर हा सामान्य माणसाला बंदी असलेला बोअर, आणि साध्या बंदुकीच्या परवान्यासाठीही किती खेटे घालावे लागतात ते आपल्याला माहीत आहे. इथे ओहायोत लांब बंदुकीला परवाना नाही, नोंदणी नाही, थांबायचा काळ नाही. मला तेव्हा ते फार सोयीचं वाटलं. आता वाटतं, त्या अर्ध्या तासात “घरी ठेवणार कुठे?” एवढा एक प्रश्न मला कुणीतरी विचारायला हवा होता. निदान मी स्वतःला तरी.

कारण आम्ही ती ठेवली बेडरूमच्या कपाटात. पैठण्यांच्या पिशव्यांमागे, कापडी केसमध्ये उभी करून. मॅगझिन त्याच केसच्या खिशात, भरलेलं. “वेळेला हाताशी हवी” हा आमचा युक्तिवाद.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्याकडे आरतीला चाळीसेक माणसं होती. मोठे खाली प्रसादाच्या गडबडीत, मुलं वर लपाछपी खेळत होती. मी फुलवाती आणायला वर गेले तर एका मैत्रिणीचा नऊ वर्षांचा मुलगा त्या कपाटात लपलेला, केसची चेन अर्धी उघडलेली आणि त्याचा हात आत. तो मला म्हणाला, “मावशी, हे गिटार आहे का?”

काही झालं नाही. मी “हो रे, मोडकं आहे” म्हणाले, त्याला खाली पाठवलं, दार लावलं आणि पलंगावर बसून राहिले. खाली घालीन लोटांगण सुरू झालं होतं, तरी माझे पाय उठेनात. नळीत गोळी नव्हती हे मला नंतर तपासल्यावर कळलं. त्या क्षणी मला खात्री नव्हती. आणि भरलेलं मॅगझिन वीतभर अंतरावर होतं. नऊ वर्षांच्या मुलाला मॅगझिन कसं बसवायचं हे यूट्यूबने केव्हाच शिकवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी कुलपाची लोखंडी पेटी आली. पण त्या मुलाच्या आईला मी काही सांगितलं नाही. थेट गेल्या महिन्यात, ही पोस्ट लिहायचं ठरवल्यावर सांगितलं. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “ताई, मी तुझ्याकडे आले की आधी कुत्रा बांधलाय ना ते विचारते. हे विचारायचं मला सुचलंच नाही कधी. आणि तू सांगितलंही नाहीस.”

या पोस्टचा मुद्दा तेवढाच आहे. बंदूक घ्यावी की घेऊ नये यावर आपण डिसेंबरपर्यंत भांडू शकतो. पण ज्या घरात आहे तिथे ती कुलपात हवी, आणि ज्या घरात आपली मुलं जातात तिथे आहे का, हे विचारणं आपल्यात सर्रास व्हायला हवं.

“कायदा असेलच ना?” असं काही जण म्हणतील. मलाही वाटायचं. परवानाधारक दुकानदाराने पिस्तूल विकताना सोबत कुलूप किंवा सुरक्षित ठेवायचं साधन द्यायलाच हवं असा केंद्रीय कायदा आहे. पण तो फक्त पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरता. आमची कार्बाइन तेच काडतूस उडवते, पण कायद्याच्या हिशेबी ती रायफल. तिची नळी साडेसोळा इंचांची आहे तीही याच हिशेबाने, कारण १९३४ च्या कायद्यानुसार सोळा इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलची वेगळी नोंदणी करावी लागते. म्हणजे नळीच्या इंचाइंचाचा हिशेब कायदा ठेवतो, पण ती बंदूक कपाटात उघडी ठेवलीय का, हे ओहायोत राज्याचा कोणताही कायदा विचारत नाही. कोलंबस शहराने २०२२ च्या अखेरीस, मुलं असतील तिथे बंदूक सुरक्षित ठेवण्याचा नियम केला, तर राज्य सरकारच त्याविरुद्ध कोर्टात गेलं. शेजारच्या मिशिगनमध्ये २०२४ च्या फेब्रुवारीपासून असा कायदा लागू झाला, पण तो व्हायला चार मुलं जावी लागली. २०२१ च्या नोव्हेंबरात ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. वडिलांनी चारच दिवस आधी घेतलेल्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाने. २०२४ साली त्याचे आई आणि वडील दोघंही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले आणि दोघांना किमान दहा वर्षांची शिक्षा झाली.

आता माझ्या बंदुकीच्याच वाटेला आलेली गोष्ट. २० एप्रिल १९९९, कोलोरॅडोतलं कोलंबाइन हायस्कूल. त्या दिवशी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव गेला. तिथे वापरलेल्या हत्यारांत एक हाय-पॉइंटची ९ मिलिमीटरची कार्बाइन होती. तेव्हाचं मॉडेल होतं, पण जात हीच. ती दोन मुलं वयाने लहान, त्यांना विकत मिळाली नसती. ती त्यांच्या अठरा वर्षांच्या मैत्रिणीने प्रदर्शनातून खासगी विक्रेत्याकडून घेऊन दिली. खासगी विक्री असल्याने पार्श्वभूमीची तपासणीच झाली नाही. हे मला बंदूक घेतल्यानंतर कळलं. म्हणून मी ती परत केली का? नाही. लोखंडाला दोष देऊन मला मोकळं होता येत नाही. पण स्वस्त, सोपी, नवख्याच्याही हाताला लगेच बसणारी हे जे गुण मी वर मोठ्या कौतुकाने सांगितले, ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातातही तसेच्या तसे गुणच असतात. हे मात्र रोज आठवतं.

आता जरा अवघड विषय. आपण बंदुकीचा विचार करतो तो चोराला डोळ्यासमोर ठेवून. आकडे वेगळंच सांगतात. २०२२ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं गेली, त्यातली सुमारे २७ हजार आत्महत्येने. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांच्या बाबतीत बंदुकीच्या दोन्ही टोकांना एकच माणूस होता. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांतून दहातला जेमतेम एखादाच वाचतो, तर गोळ्या-औषधांच्या प्रयत्नांतून बहुतेक जण वाचतात. त्या एका वाईट रात्री हाताशी काय आहे, यावर सगळं ठरतं. आणि वाचलेल्यांपैकी बरेच जण पुढे आयुष्य जगतात.

आपली मुलं काय ताणाखाली आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको. एपीचे सात विषय, एसएटी, रोबोटिक्स, शनिवारी मराठी शाळा, त्यात “शेजारच्या जोशांचा बघ कुठे लागला”. आपल्याकडे डिप्रेशन हा शब्द उच्चारला की आजी म्हणते “रिकामं डोकं”. नोकरी गेलेला एच-वनबीवाला साठ दिवस मोजत बसतो तेव्हा तो कुणाशी बोलतो? घरात माणूस अशा अवस्थेत असेल तर कुलूपही पुरेसं नाही. बंदूक काही काळ घराबाहेर ठेवायची सोय करा. ओळखीच्या, कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या माणसाकडे किंवा दुकानात. काही दुकानं आणि पोलीस ठाणी अशी सोय करतात, फोन करून विचारा. आणि ९८८ हा नंबर फ्रिजवर लावा. चोवीस तास चालतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यात हमखास चुकते. रेंजवर कुणाला नेता ते बघा. भारतातून दीर आला, भाचा एच-वनबीवर आहे, बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत, “चला, अमेरिकेत आलात तर एकदा बंदूक चालवून बघा” म्हणून आपण हौसेने नेतो, फोटो काढतो, फेसबुकला टाकतो. अहो, नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. इथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना असणं असे मोजकेच अपवाद आहेत. रेंजवर दहा मिनिटं हातात घेणं हेही ‘बाळगणं’च. आणि देणारा, माहीत असून देत असेल तर, तोही अडकतो. ग्रीन कार्डवाल्यांना हा अडसर नाही. “रेंजवर कोण बघतंय?” म्हणणाऱ्यांसाठी सांगते, विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आणि कॉलेजातून काढल्यामुळे स्टेटस गेलेल्या एका तरुणाला फ्लोरिडातल्या रेंजवर गोळ्या झाडल्याबद्दलच शिक्षा झाली होती. रेहैफ खटला म्हणतात त्याला. तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१९ साली निकाल त्याच्या बाजूने लागला, आपलं स्टेटस काय आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं या मुद्द्यावर. तुमच्या भाच्याला त्याचा व्हिसा कोणता ते चांगलं माहीत आहे. त्याचं दहा वर्षांचं ग्रीन कार्डाचं स्वप्न एका फोटोपायी कशाला पणाला लावता? बाबांना नायगारा दाखवा.

आता नेहमीचे आक्षेप.

“कुलपात ठेवली तर वेळेला उपयोग काय?” मीही हेच म्हणायचे. बटणांच्या किंवा बोटाच्या ठशाच्या पेट्या मिळतात, सरावाने काही सेकंदांत उघडतात. मी डोळे मिटून उघडते आता. आणि ती वेळ येते किती? आपल्याकडे चोऱ्या बहुतेक घरी कुणी नसतानाच होतात, सगळे लग्नाला किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला गेलेले असताना. तेव्हा कपाटातली उघडी बंदूक सोनं वाचवत नाही, सोन्याबरोबर तीही चोरीला जाते. आणि मग ती कुणाच्या हातात जाईल ते देव जाणे. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. कार्बाइनपेक्षा स्वस्त पडतं.

“आमची मुलं समजूतदार आहेत, आम्ही शिकवलंय.” शिकवाच. माझ्या मुलीला मी रेंजवर नेलंय. बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, जिकडे गोळी जायला नको तिकडे नळी न्यायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, लक्ष्याच्या मागे काय आहे ते बघायचं, हे चार नियम तिला पाठ आहेत. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, आणि घरी आलं की शिशाच्या धुळीसाठी हात धुतल्याशिवाय खाणं नाही. पण लपाछपी खेळायला येणाऱ्या तेरा मुलांना मी शिकवलेलं नाही. कुलूप त्यांच्यासाठी आहे.

“असं विचारणं बरं दिसत नाही.” आपण वाढदिवसाला जाताना केकमध्ये अंडं आहे का विचारतो. शेंगदाणे आहेत का विचारतो, मांजर आहे का विचारतो, चतुर्थी असेल तर साबुदाण्याची सोय आहे का तेही विचारतो. कुणाला राग येत नाही. मुलगा स्लीपओव्हरला जाणार असेल तर एक मेसेज: “आमच्याकडे सगळ्यांनाच विचारतो, घरी बंदूक असेल तर कुलपात आहे ना?” बस्स. ज्याच्याकडे नाही तो “नाही” म्हणेल. ज्याच्याकडे आहे आणि कुलपात आहे, त्याला उलट बरंच वाटेल. ज्याला राग येईल त्याच्याकडे मुलांना पाठवू नका, आपल्या घरी बोलवा.

“मग घेताच कशाला?” हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. मला नेमबाजी आवडते, आणि रात्री नवरा फिरतीवर असताना ती पेटी घरात आहे याचा आधार वाटतो. तो आधार किती खरा आणि किती मनाचा, हे मी सांगू शकत नाही. ज्यांनी घेतलेली नाही त्यांनी माझी पोस्ट वाचून घ्यायला जाऊ नये. ज्यांनी घेतली आहे त्यांनी माझ्यासारखं गणपतीपर्यंत थांबू नये.

करायचं काय, तर फार नाही. एक, आज रात्रीच कुलूप. पेटी परवडत नसेल तर वायरचं कुलूप बऱ्याच पोलीस ठाण्यांत ‘प्रोजेक्ट चाइल्डसेफ’मधून फुकट मिळतं. बंदूक रिकामी, काडतुसं वेगळीकडे, त्यांनाही कुलूप, आणि किल्ली देवघराच्या खणात नाही. मुलांना तो खण माहीत असतो. दोन, मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती: घरगुती कार्यक्रमांच्या निमंत्रणात ॲलर्जी आणि पार्किंगच्या ओळींसोबत ही एक ओळ घाला. म्हणजे एकट्यादुकट्याला विचारायचा संकोच राहणार नाही. तीन, कोलंबसच्या नियमावरून राज्यात जे चाललंय त्याबद्दल तुमच्या भागातल्या राज्य प्रतिनिधीला एक ईमेल. आपण नागरिक होतो, शपथेचा फोटो टाकतो आणि मग फक्त नोव्हेंबरात जागे होतो. बंदूक असलेल्या माणसाने “कुलपाचा कायदा करा” म्हटलं तर त्याचं वजन जास्त पडतं. म्हणून तर मी नावानिशी लिहितेय.

यंदाही आमच्याकडे गणपती आहे. या सगळ्यांनी. तुमच्या विचारण्याची वाट न बघता मीच सांगून ठेवते: हो, आमच्याकडे बंदूक आहे. रिकामी आहे, तळघरातल्या लोखंडी पेटीत आहे, पेटी भिंतीला बोल्टने बसवलीय, काडतुसं दुसऱ्या पेटीत. आकडा फक्त मला आणि नवऱ्याला माहीत आहे. मोदकांत काजू आहेत.

आता तुमच्याकडचं सांगा.